रवंथ करणारी जीप

मल्हारीच्या आणि आमच्या घरात भिंत एकच. त्यामुळं त्याच्याकडं काय शिजलं ते मला वासावरून कळतं आणि काय बिनसलं ते भांड्यांच्या आवाजावरून. मी धंद्यानं शिंपी. दिवसभर मशीनवर पाय चालू, कान रिकामे. रिकामे कान कुठं लावायचे, हा प्रश्न मला आमच्या न्हावरे गावात कधी पडला नाही. तेव्हा पुढचं सगळं मी चोरून ऐकलं असं कुणी म्हणू नये. भिंत पातळ आहे, एवढंच.

मल्हारी बसलेला मी फार थोड्या वेळा पाहिला. त्याच्या सात पिढ्या चालण्यात गेल्या. दिवाळी झाली की मेंढरं पुढं घालून निघायचं, घाट उतरून कोकणात जायचं आणि मृगाच्या तोंडाला परत यायचं. घर म्हणजे पावसाळ्यापुरतं छप्पर. त्या छपराखाली घटकाभर टेकला की त्याच्या पोटऱ्या आपोआप हलायला लागतात. माझ्याकडं सदऱ्याचं माप द्यायला आला, तर मी टेप उलगडेपर्यंत दोनदा दारात जाऊन रस्ता बघून येतो. त्याच्या सदऱ्याची एक बाही आखूड का, याचं कारण हे आहे. लोक उगीच मला नावं ठेवतात.

अशा माणसाला एका जागी राहायचं होतं. खरं सांगायचं तर त्याच्या बायकोला, बानूबाईला, राहायचं होतं. पोरगी ललिता चौथीत. दर साली दिवाळीनंतर तिचं दप्तर खुंटीला आणि पोरगी कोकणात. बानूबाई तोंडानं काही बोलली नाही, पण तिच्या मनातलं मी एका गोष्टीवरून ओळखलं. ती दर दिवाळीला भिंती सारवायची, अंगण करायची, पण चूल कधी नवी घालायची नाही. महिन्याभरात उठून जायचं, तर चूल कशाला? तीन दगडांवर भागवायची. सत्त्याहत्तर सालच्या दसऱ्याला मात्र तिनं ओढ्याची चिकण माती आणली, घोड्याची लीद आणि भुसा घालून तुडवली, मोठा गोळा केला आणि परसात ओल्या गोणपाटाखाली ठेवून दिला. नुसता ठेवला. रोज सकाळी त्याच्यावर पाणी शिंपडायची आणि पुढं काही करायची नाही.

ती कशाची वाट बघते, ते दारात उभं होतं. जीप.

कुठल्याशा सरकारी खात्यानं लिलावात काढलेली, पंधरा-सोळा वर्षं रानोमाळ हिंडलेली डिझेल जीप. मल्हारीनं बापाच्या हाता-पाया पडून साठ मेंढरं विकायला लावली आणि आषाढात ती दारात आणली. विचार वाईट नव्हता. घोड नदीच्या अंगाच्या वस्त्यांवर पावसाळ्यात बैलगाडीसुद्धा फसते, तिथलं दूध रस्त्यावरच्या ट्रकपर्यंत आणायला माणूस मिळत नव्हता. या जीपला एक जादा दांडा होता. तो ओढला की पुढची चाकंही ओढायला लागायची आणि गाडी चिखलातून म्हशीसारखी निघायची.

लिलावाच्या दिवशी शिरूरला मीही गेलो होतो. बघायला. मल्हारीनं ती जीप कशी पारखली, ते मी जन्मात विसरणार नाही. मेंढराचा जबडा उघडावा तसं बोनट उघडलं. इंजिनाला हात लावून ते गार आहे याची आधी खात्री केली, कारण मेंढरू घ्यायचं ते पहाटे, चरायच्या आधी घ्यायचं. चरलेल्याचं पोट खोटं बोलतं. मग चालू करायला लावली. तेलाच्या भोकावर तळहात धरून श्वास बघितला. काठीचं एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं कानाला, डोळे मिटले. तिथला कारकून हसून म्हणाला, “काय म्हणतीया?”

“आतनं ठकठक न्हाई,” मल्हारी म्हणाला. “हाडं शाबूत हायेत.”

आणि खरंच होती. श्रावणभर जीप गुणी पोरासारखी चालली. मग भादव्यात तिला निळा धूर सुरू झाला.

निळा म्हणजे किती निळा? शिंप्याला विचारा. आधी नव्या मांजरपाटाची झाक, मग नीळ जास्त झालेलं धोतर आणि दसऱ्यापर्यंत थेट पोलिसपाटलाच्या बायकोचं इरकली लुगडं. सकाळी लवकर चालू व्हायची नाही. आख्खी आळी ढकलायला. माझी बायको सरूबाई दारातून मोजायची, आज किती जण लागले. तेल तर अशी प्यायची, की पाव्हणा बरा. तेलाची पट्टी मल्हारी दिवसातून दहादा काढायचा, पुसायचा, बघायचा, परत घालायचा. सायलेन्सरच्या जोडातून काळं ओघळायचं. तो रात्रंदिन तिच्याभोवती फेऱ्या घालायचा, कान लावायचा, वास घ्यायचा आणि “हाडं शाबूत हायेत” असं स्वतःशीच पुटपुटायचा.

शेवटी एक दिवस भिंतीपलीकडून त्याच्या बापाचा, तात्याबाचा, आवाज आला. म्हातारा सत्तरीचा, डोळ्यांनी अधू, पण आवाज अजून माळावरचा.

“मल्हारी, म्या बोलून आलोय. यवतचा बाळासो ढाबेवाला हाय न्हवं, त्येला गुऱ्हाळाला इंजिन पायजेल. जीप घेतो म्हनला. चाळीस मेंढरं देतो.”

“आबा, साठाची चाळीस?”

“आनी महिन्यानं चाळिसाची ईस म्हनंल. दिवाळीनंतर वाडे निघत्यात. लक्षीमीपूजनाच्या आधी यवतला जीप लावायची, मेंढरं घ्यायची आन् चुलत्याच्या वाड्याबर निघायचं.”

परसात गोणपाटावर पाणी शिंपडल्याचा आवाज तेवढा आला. आमच्याकडं मेंढरांच्या तांड्याला वाडा म्हणतात. वाडा निघाला म्हणजे चूल, पोर, दप्तर, सगळं निघालं.

आता मीही मशीनवाला माणूस. मल्हारीला मी पुष्कळ सल्ले दिले होते. माझ्या शिलाई मशीनचं तेल त्यात थोडं घालून बघ, असंही सुचवलं होतं. त्यानं ऐकलं नाही. पण कोंडिबाला बोलाव, हे माझंच म्हणणं आणि त्याचं श्रेय मी कुणाला देणार नाही.

कोंडिबा आमच्याच गावचा, बौद्धवाड्यातला. पलटणीत बारा वर्षं गाड्यांवर फिटर होता, आता दौंडला रेल्वेत. सुट्टीच्या दिवशी एसटीनं आईला भेटायला यायचा. पायात बूट, खिशात कंगवा आणि बोलण्यात अर्धी पलटण. तो आला, तसा त्याला आईच्या घरी जाऊ न देता आधी मल्हारीच्या दारात थांबवला. बानूबाईनं त्याला घरातल्याच कपात चहा दिला. सरूबाईनं ते खिडकीतून पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. आळीतल्या आणखी दोघींनी तसंच केलं. कोंडिबानंही ते बघितलं आणि चहा सावकाश, फुंकून फुंकून प्यायला.

मग बोनट उघडलं. त्यानं तेल बोटांवर चोळलं, हुंगलं. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का बघितलं. मल्हारीची काठी मागून घेऊन कानाला लावली आणि मान डोलावली. शेवटी चालू इंजिनावरच्या तेलाच्या भोकाचं झाकण काढलं आणि तेच झाकण त्या भोकावर नुसतं उपडं ठेवलं.

झाकण टणकन उडालं आणि माझ्या दारातल्या तुळशीत पडलं.

“श्वास खालून फुटतोय,” कोंडिबा म्हणाला. “दाब पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरतो आन् तेल वर चढतं. हे झाकण जाग्यावर नाचलं तर ठीक. उडालं तर इंजिन गेलं असं समजतात.”

तात्याबा ओट्यावरून म्हणाला, “झालं का समाधान?”

“थांबा आबा. खालची बेअरिंगं एकदम झकास हायेत. येवढं चांगलं इंजिन दोन महिन्यांत असं बिघडत न्हाई.” कोंडिबा मल्हारीकडं वळला. “रोज किती पळवतो?”

“चार मैल जायाचं, चार यायाचं.”

मी मशीन थांबवून म्हटलं, “पळवतो? अहो, परवा सोजरबाई पाटी घेऊन बाजाराला चालली होती. हा म्हणाला, मावशी बसा. ती म्हणाली, नगं बाबा, बाजार उठंल.”

आळी हसली. मल्हारी नाही हसला. “ह्या वयाच्या जनावराला पळवायचं का? मेंढराच्या चालीनं नेतो. रेस देत न्हाई.”

“कॅन किती?”

“चार-पाच.”

“आन् घरी आल्यावर?”

“घरी आल्यावर,” मल्हारी अभिमानानं म्हणाला, “लगेच बंद करत न्हाई. दमून आल्याल्या जनावराला लगेच पानी दावत न्हाईत. तसंच जाग्यावर हळू चालू ठिवतो. दिवस बुडंस्तोवर. दोन तास. रवंथ करू देतो.”

कोंडिबा त्याच्याकडं बघत राहिला. मग मडगार्डवर टेकला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.

खरं सांगतो, ती संध्याकाळची घुरघुर आम्हा सगळ्यांना पाठ होती. तिच्यावर आळीतली दोन पोरं निजायला शिकली होती. त्यात चूक असेल, असं एकालाही वाटलं नव्हतं. दमलेल्याला दम खाऊ द्यावा, यात काय चूक?

“अरे बाबा,” कोंडिबा डोळे पुसत म्हणाला, “बैलाला बसवून ठेवलं तर बैल चरबी धरतो. डिझेल इंजिन काजळी धरतं. बिनओझ्याचं नुसतं घुरघुरलं, की आत पुरतं तापत न्हाई. डिझेल अर्धंमुर्धं जळतं, काजळी साचते, रिंगा खोबणीत चिकटतात. मग दाब धरणार कोण? गरम गाडी मिनिटभर चालू ठेव, बरोबर हाय तुझं. दोन तास कशाला? तू हिला मारलं न्हाईस रे. लाड करून बिघडवलंस.”

मल्हारीचा चेहरा पडला. साठ मेंढरांनी त्याला शिकवलेलं सगळं एका बोनटखाली उलटं झालं होतं.

“आता उपाय?” हे बानूबाईनं दारातून विचारलं. तिचा आवाज एवढा मोठा मी प्रथमच ऐकला.

“चिकटलेल्या रिंगा सुटल्या तर सुटल्या. तेल बदला. मागं ओझं भरा, मरंस्तोवर. आन् चढावर घाला. दुसऱ्या गेरात, पाय शेवटपर्यंत दाबून. भुलेश्वराचा घाट बरा.”

भुलेश्वर म्हणजे यवतवरूनच पुढं, डोंगरावर. तात्याबानं ओट्यावर काठी आपटली. “म्हंजी यवत वाटंवरच की. चला. वर जाऊन झाकण ठिवायचं. उडालं तर खाली बाळासोच्या दारात जीप लावायची आन् चाळीस मेंढरं घिऊन पायी यायचं. ठरलं?”

मल्हारीनं बानूबाईकडं बघितलं. बानूबाई आत गेली होती.

दुसऱ्या दिवशी कोंडिबाची सुट्टी होतीच. सकाळी जीपमध्ये वाळूची आठ पोती भरली. कोंडिबानं मागं जाऊन चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांची कमान बघितली आणि म्हणाला, “अजून दोन पोती हवीत.” आळीनं माझ्याकडं बघितलं. असा मी, न्हावऱ्याचा एकुलता एक शिंपी, वजन म्हणून गाडीत चढलो. सरूबाई म्हणाली, “आज पैल्यांदा तुमचा कायतरी उपेग झाला.”

पुढं मल्हारी आणि कोंडिबा, मागं वाळूवर मी आणि तात्याबा. मला काम दिलं होतं. धुराचा रंग बघत राहायचं आणि ओरडून सांगायचं. तीन वेळा ढकलल्यावर गाडी निघाली. भीमा ओलांडून केडगाव-चौफुल्याला आलो, तिथून यवत. मल्हारीचा जीव एका जागी नव्हता. दर मैलाला विचारायचा, “वास येतोय का कसला?” त्याचा डावा गुडघा सारखा उडत होता. यवतला ढाब्यामागच्या वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, चाळीस मेंढरं उभी दिसली. बाळासोनं लांबून हात केला. तात्याबानं त्या बाजूला नाक वर करून वारा घेतला आणि त्याच्या तोंडावर जे आलं, ते मी बघितलं. म्हाताऱ्याला जीप बिघडलीय म्हणून मेंढरं नको होती. त्याला मेंढरंच हवी होती.

घाट लागला. रस्ता म्हणजे दगड आणि पाणी वाहून गेलेल्या चऱ्या. कोंडिबा म्हणाला, “दुसरा गेर. दाब.”

मल्हारीनं दाबला, पण पुरता नाही. इंजिन किंचाळलं, तसा त्यानं पाय उचलला. “मरंल ती!”

“दाब!”

“मुक्या जनावराला...”

कोंडिबानं आपला हात मल्हारीच्या उजव्या गुडघ्यावर ठेवला आणि सगळं वजन टाकलं. जीप बोंब मारत वर निघाली. माझ्या पुढ्यात, म्हणजे गाडीच्या मागं, काळाकुट्ट ढग उठला. त्यात काजळीच्या खपल्या उडत होत्या, पेटलेल्या चिंध्यांसारख्या.

“रंग सांगा, हरिभाऊ!”

“काळा! छत्रीचं कापड!”

पहिलं वळण गेलं. “आता?”

“काळाच! कडेला निळी किनार!”

दुसरं वळण. पोती सरकून माझ्या पायावर आली. रेडिएटरचं पाणी उकळतंय का बघायला मल्हारी पुढं वाकत होता, कोंडिबा त्याला मागं ढकलत होता. मला परसातला तो मातीचा गोळा आठवला. आणि माझ्यातला मूळचा लबाड जागा झाला. म्हटलं, बोलायचंच आहे तर चांगलं बोलावं.

“साफ झाला!” मी ओरडलो. “पांढरा! धुतलेलं मलमल!”

शेजारी तात्याबानं काठीनं माझ्या पोटाला ढोसलं. “डोळं गेल्यात माझं, नाक न्हाई. तेलाचा वास येतोय. खरं बोल.”

“निळा आहे,” मी म्हटलं. “पण विटाय लागलाय.”

आणि तो खरंच विटत होता. तिसऱ्या वळणावर धोतराएवढा राहिला. चौथ्यावर जुन्या टोपीएवढा. इंजिनाचा आवाजही बदलला. आधी खोकल्यासारखा फुटत होता, आता एकसारखा, दात-ओठ खाऊन चढत होता. आणि मल्हारीचा उडणारा गुडघा थांबलेला होता. कोंडिबानं हात केव्हाच काढून घेतला होता. पाय मल्हारीचाच होता, शेवटपर्यंत दाबलेला.

वर देवळापाशी थांबलो. तापलेल्या लोखंडाचा वास सुटला होता. “मिनिटभर चालू ठेव,” कोंडिबा म्हणाला, “तुझी रवंथ.” मग बोनट उघडलं. फडकं धरून झाकण फिरवून काढलं आणि त्या भोकावर उपडं ठेवलं.

झाकण थरथरलं. डावीकडं सरकलं. मल्हारीनं डोळे मिटले. झाकण फिरलं, नाचलं, कडेपर्यंत गेलं आणि तिथंच टकटक करत राहिलं.

“उडालं का?” तात्याबानं विचारलं.

मी म्हटलं, “नाचतंय, आबा.”

“शिंप्याला इचारत न्हाई. कोंडिबा, तू सांग.”

“नाचतंय आबा. पर खोटं न्हाई सांगणार. रिंगा म्हाताऱ्याच हायेत. दोन, लई तर तीन वर्सं. तवर रोज ओझं घाला आन् आठ-पंधरा दिवसांनी चढ दाखवा. तीन वर्सांनी मी हायच दौंडला.”

तात्याबा चाचपडत आला. काठी इंजिनाला लावली, कानाला लावली. बराच वेळ ऐकत होता. ऐकून झाल्यावर वाळूवर जाऊन बसला.

उतरताना यवतला बाळासो रस्त्यातच उभा. “या आबा! मेंढरं तयार हायेत.”

मल्हारीनं गाडी उभी केली. तात्याबा उतरला आणि वाघरात शिरला. एकेका मेंढराच्या पाठीवरून हात फिरवला, दात चाचपले, एक कोकरू उचलून गालाला लावलं. आम्ही गाडीत. मल्हारीचा गुडघा पुन्हा उडायला लागला. जीप घुरघुरत होती.

“बंद कर,” कोंडिबा पुटपुटला.

मल्हारीनं गाडी बंद केली. आता मेंढरांचाच आवाज.

म्हातारा कोकरू खाली ठेवून बाळासोला म्हणाला, “गुनाची हायेत. चालणाऱ्या मानसाला द्या.” आणि माझ्या हाताला धरून गाडीत चढला. यवतपासून भीमेपर्यंत त्यानं तोंड फिरवून ठेवलं होतं. मीही, काय सांगू, तेवढं अंतर एक शब्द बोललो नाही. माझ्या आयुष्यात तसं एवढंच अंतर.

न्हावऱ्यात शिरलो तेव्हा उन्हं कलली होती. बानूबाई दारात आली नाही. मल्हारी धावत परसात गेला, त्याच्यामागं मी. मला जायचं काही कारण नव्हतं, म्हणूनच गेलो.

गोणपाट रिकामं पडलं होतं. आत भिंतीकडेला नवी चूल होती, शेजारी वैलाची, म्हणजे दुसरं भांडं ठेवायच्या जागेची, जोड. वरची माती सुकून पांढरी पडलेली. म्हणजे आमची धूळ खाली बसायच्या आत, सकाळीच घातलेली. ललिता बोटानं तिच्यावर नक्षी काढत होती.

तात्याबा काठी टेकत आला. त्यानं वाकून चुलीच्या काठावरून हात फिरवला, जसा मेंढराच्या पाठीवरून फिरवला होता. “सूनबाई,” तो म्हणाला, “आन् आमी चाळीस मेंढरं घिऊन आलो असतो तर?”

बानूबाईनं पदर सारखा केला. “तर तुमी गेला असता, मामा,” ती म्हणाली. “म्या न्हाई.”